आखाजीला नेलेली बहीण आणि शुक्रवारचा पेपर

कोर्दोबा (हे गाव कुठं आहे ते पुढं येतंच आहे, आधीच रागावू नये),
मंगळवार, १६ जून

तीर्थरूप जीवराम दाजी यांस,
धाकटा मेहुणा प्रेमराज याचा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून नमस्कार.

आज सकाळी जाग आली ती करकर, करकर अशा आवाजानं. क्षणभर वाटलं, एरंडोलच्या आमच्या निंबाला आखाजीचा झोका बांधला आहे, कोकिळाअक्का फळीवर उभी राहून तो चढवते आहे, आणि मधला भाऊ झुलाल नि मी खाली धुळीत बसून तिचे पाय निंबाच्या कोणत्या फांदीला लागले ते ओरडून सांगतो आहोत. त्या दोराच्या करकरीला एक चाल होती, दाजी. शाळेतली कोणतीही कविता तिच्यावर बसायची. डोळे उघडून पाहिलं तर घरमालकीणबाई खिडकीची लाकडी झडप वर ओढत होत्या.

आपली तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावता ना? केळीला पाणी पुरतं का? म्हैस व्याली का? (अक्का रोज फोनवर हे सगळं विचारते, मला ठाऊक आहे. पण पत्रात विचारल्याशिवाय माझा हात पुढं सरकत नाही.) आम्ही तिघं खुशाल आहोत. ऊन आपल्याकडच्यासारखंच आहे. इथली माणसं चाळीस अंशाला कपाळावर हात मारतात आणि दुपारी दोन ते पाच सगळं गाव दारं लावून झोपतं. आम्ही मात्र भर तीन वाजता रस्त्यानं फिरतो आणि झुलाल म्हणतो, "काय गार शे रे आज!" समोरच्या म्हातारीनं पहिल्या दिवशी आम्हाला पाहून छातीवर क्रूस काढला होता.

तर आता मूळ गोष्ट. चैत्र संपताना, अक्षय्यतृतीया तोंडावर आली तेव्हा झुलाल आणि मी नशिराबादला आलो, तुमच्या ओट्यावर बसलो, चहा घेतला आणि रीतीप्रमाणे म्हणालो, "दाजी, आखाजीले बहीणले लई जातस." तुम्ही पेपरातून मान वर न काढता म्हणालात, "न्या. आठ दिवसात धाडा." दाजी, बहीण न्यायला आलेल्या भावाला "कुठं नेता?" असं कोणी विचारत नाही. तुम्हीही विचारलं नाही. म्हणून आम्हीही सांगितलं नाही. आता हे खोटं बोलणं झालं की नुसतं गप्प राहणं, ते तुम्ही ठरवा. कोर्दोबा स्पेन देशात आहे.

झालं असं, की एरंडोलचं घर रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं आणि अक्काला आखाजीला न्यायचं कुठं हा प्रश्न पडला. माझ्याकडे, धुळ्याला, दोन खोल्या. झुलालचं तर माहीतच आहे, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने पडून होता, तेव्हा मोबाइलवर स्पॅनिश शिकायला लागला. (का? विचारलं तर म्हणतो, यादीत ती पहिलीच भाषा होती.) तो म्हणाला, "आपण तिघं जिथं, तिथं माहेर." हे वाक्य त्यानं इतकं गंभीरपणे म्हटलं की माझ्यासारख्या माणसाचे डोळेच भरले, आणि डोळे भरलेले असताना माणूस तिकिटाला हो म्हणून जातो. व्हिसा अक्काचा तयारच होता. जुलैत तुमच्या नातवाच्या, नवीनच्या, पदवीदानाला जर्मनीला जायचं म्हणून तुम्हा दोघांचे व्हिसे झाले होते आणि तुम्ही "पेरणी सोडून मी कोठे येत नही" म्हणून पासपोर्ट कपाटात टाकला होता. अक्का तेवढी थोडी लवकर निघाली. (हे फक्त नवीनला सांगून ठेवलं होतं.)

फोनवर दर वेळी "आजून आठ दिन" म्हणता म्हणता आठ दिवसांचे आठ आठवडे झाले. पाठीला सॅक लावून आम्ही सहा गावं केली. अक्काची नऊवारी, पायात झुलालच्या सुनेचे पांढरे बूट, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये भाकरीचं, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ. पहिले काही दिवस दोन मजली खाटांच्या उतारूखोलीत काढले. तिथं एका जर्मन मुलीनं अक्काला विचारलं, "आजी, तुम्ही किती दिवस फिरताय?" (झुलालनं भाषांतर केलं.) अक्का म्हणाली, "इले सांग, मी माहेरले येल शे." झुलालला माहेरचा स्पॅनिश शब्द सापडेना. मोबाइललाही सापडेना. शेवटी पोरीला एवढंच कळलं, की ही बाई स्पेनमध्ये जन्मली.

इथं कोर्दोबात आम्ही दोन्या एल्विरा नावाच्या विधवा बाईंच्या घरी राहतो आणि शेजारच्या शाळेत भाषा शिकतो. पहिले दोन दिवस आम्ही उपाशी होतो, ते सांगतो. बाईंनी ताट पुढं केलं, अक्का म्हणाली "नको नको". आपल्याकडे हे पहिलं नको. दुसरं नको यायचं असतं, मग "माझी शपथ" येते, मग माणूस हात धुतो. बाईंनी पहिल्याच नकोला ताट उचललं आणि आत गेल्या! आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो. रात्रीही तेच. झुलाल म्हणाला, "अक्का, एकदा हो म्हण ना व." अक्का म्हणाली, "आग्रहबिगर जेवाले आपण काय भिकारी शेत का?" तिसऱ्या दिवशी अक्कानं स्वयंपाकघराचा ताबा घेतला, वांगी भाजली (काळी, बारकी, बियांची, आपल्या भरिताच्या वांग्यांची सर नाही), भाकरी थापली आणि दोन्या एल्विरांना समोर बसवून आग्रह म्हणजे काय ते दाखवलं. चौथी भाकरी पानात पडल्यावर त्या बाईंनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. त्यांना ती खूण कोणी शिकवली होती? कोणीच नाही. मला हे फार नवलाचं वाटलं, मी वहीत लिहून ठेवलं.

शिकण्याचं म्हणाल तर माझी प्रगती बेताची आहे. मी क्रियापदं भुजंगप्रयातात म्हणतो. आमच्या शिक्षिका रोसाउराबाई टाळ्या वाजवतात आणि मग उत्तर चुकलं म्हणून सांगतात. झुलाल बोलतो भरपूर, समोरच्याला कळलं की नाही हे पाहायला थांबत नाही. पण अक्का! दाजी, अक्का पहिल्या बाकावर बसते. बाजारात भाजीवाल्याशी तासभर भांडून येते आणि त्यातले नवे शब्द वहीत उतरवते. परवा रोसाउराबाईंनी तिला विचारलं, "आधी कुठं शिकलात?" अक्कानं वहीचं पान उलटलं. मी बोललो असतो, पण मला स्पॅनिशमध्ये तेवढं येत नव्हतं. तुम्हाला मराठीत सांगतो.

लग्न झालं तेव्हा अक्का मॅट्रिकला होती. परीक्षेपुरती माहेरी आली होती. पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी तुमचे काका बैलांची धमणी जोडून दारात उभे राहिले. बोलावणं आलं म्हटल्यावर निघायचं, ही रीत. अक्कानं परीक्षेचं तिकीट माझ्या हातात दिलं आणि धमणीत बसली. मी तेव्हा तेरा वर्षांचा. ते तिकीट घेऊन काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी ते कवितेच्या पुस्तकात ठेवलं. तुम्हाला दोष देत नाही. तुम्हीही तेव्हा वीस वर्षांचे, तुम्हाला कोणी विचारलं नसणार.

येत्या शुक्रवारी इथं पहिल्या पातळीची परीक्षा आहे. अक्कानं फॉर्म भरला आहे. मी आणि झुलालनं भरला नाही, आमची लायकी आम्हाला ठाऊक आहे. ती सकाळी उठून देवाच्या आधी वही उघडते. फक्त फोन वाजला की दचकते.

दोन्या एल्विरा आणि रोसाउराबाई यांचे आपणास नमस्कार. लहानांस आशीर्वाद.

आपला,
प्रेमराज

ता. क. १ : हे सगळं लिहिलं ते एवढ्याचसाठी, की शुक्रवारपर्यंत बोलावणं धाडू नये. फोनवर "ये" म्हणू नये. तुम्ही म्हणालात तर ती त्या क्षणी सॅक भरेल. एवढी वर्षं तिला ओळखतो. शनिवारी हवं ते बोला, मलाच बोला.

ता. क. २ : टपालकचेरीत चौकशी केली. इथून नशिराबादला पत्र पोचायला तीन आठवडे लागतात. म्हणजे हे तुमच्या हातात पडेल तेव्हा पेपर होऊन गेलेला असेल. तेव्हा तुम्ही आमची विनंती मान्य केलीत, याबद्दल आम्ही तिघं आपले फार आभारी आहोत.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार इतक्यात खाली घंटी वाजली. दोन्या एल्विरा वर येऊन म्हणाल्या, पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ दारात उभे आहेत, सोबत एक उंच तरुण आहे, पाणी विचारलं तर "नको" म्हणाले, म्हणून आपण पुन्हा विचारलं. (शिकल्या हो बाई!) मी गॅलरीतून वाकून पाहिलं. दाजी, नवीननं तुम्हाला कधी सांगितलं? आणि पेरणी? पंचावन्न वर्षांत बोलावणं घेऊन कधी काका आले, कधी गडी आला, कधी जीप आली. तुम्ही स्वतः एकदाही आला नव्हतात.

अक्कानंही पाहिलं. पदर डोक्यावर घेतला, सॅककडे पाहिलं, मग खुर्चीवर बसली आणि वही पुढं ओढली. म्हणाली, "त्यास्ले सांग, बठा. जेवा. मना पेपर शुक्रवारले शे." पान बरोबर उघडलं.

तेव्हा हे पत्र आता टपालात टाकत नाही. मीच घेऊन जिना उतरतो आहे. दाजी, आधी पहिला ता. क. वाचा, मग पायरी चढा.