आत्याच्या मशीनचं टेबल

ती. आत्यास,

भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. जोडलेल्या हातांना दहाही बोटं आहेत, हे आधीच लिहितो. कारण मी विजेची करवत घेतल्याचं टेम्पोवाल्यानं तुला सांगितलंच असेल, आणि तेव्हापासून तू नीट जेवली नसशील. जेव. गुडघे कसे आहेत? पाण्याची बादली जिन्यावरून अजून तूच चढवतेस का? (नाही म्हणून लिहू नकोस. टेम्पोवाल्यानं पाहिलंय.) इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. तुझं मशीन सुखरूप पोचलं. त्याला कुठेही लागलेलं नाही. म्हणजे लागलं असतं, पण मध्ये माझी मांडी होती. ते पुढे येईल.

तुझा निरोप असा होता की मशीन आधी जाऊ दे, ते टेबलात नीट बसलं तर मी कायमची राहायला येईन, आणि नाही बसलं तर त्याच टेम्पोनं परत धाड. मला तो निरोप तोंडपाठ आहे. तू एकटी राहू नकोस म्हणून आम्ही किती दिवस मागे लागलोय, आणि तुझ्या सबबी मी एकेक करून निकालात काढल्यात. खोलीत उजेड नाही म्हणालीस, खिडकीसमोरचं कपाट हलवलं. अडचण होईल म्हणालीस, कपाटच काढून टाकलं. (कपड्यांचं काय केलं ते विचारू नकोस.) उरली ही एकच सबब. मशीनचा लोखंडी सांगाडा गंजून गेलेला, तेव्हा मशीनच्या मापाचं भोक पाडलेलं टेबल हवं. आमच्या इथला सुतार ‘उद्या येतो’ म्हणाला होता, तो अजून उद्याच येणार आहे. म्हणून म्हटलं, हे काम आपणच करू.

या करवतीला जिगसॉ म्हणतात. शिलाई मशीनच्या सुईसारखंच तिचं पातं वर-खाली होतं, फक्त शिवायचं सोडून उसवतं, एवढं तुला पुरे. दुकानदारानं काउंटरवर एक बॅटरीची मांडली आणि एक वायरची. बॅटरीची दिसायला फार देखणी होती. मी विचारलं, ऐन वळणावर बॅटरी संपली तर? ‘चार्जिंगला लावा, तोवर चहा घ्या.’ आणि पातं फळीत अडकलेलं असेल ते? ‘त्यालाही पाजा.’ म्हणून वायरची ठरवली. (ठरवली म्हणजे त्या फेरीत नाही. घरी येऊन विचार केला, परत गेलो, परत आलो.) मग वायरच्यांतही भानगडी. एकीला जास्त ताकद. ती चालवून पाहिली तर मी तिला चालवतोय की ती मला, हे कळेना. एकीला वेग कमी करायची चकती नव्हती. एकीचं पातं बदलायला पाना लागायचा, आणि पाना हरवणार हे मला आजच दिसत होतं. शेवटची निघाली ती बरी: चकती आहे, पातं बोटानं निघतं, पुढचा भुसा स्वतःच फुंकते म्हणजे पेन्सिलीची रेघ दिसत राहते. मी वायरची लांबी मोजायला लागलो तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘दादा, करवत घेताय की दत्तक घेताय?’ मी म्हटलं, हिच्यावर माझी आत्या राहायला यायची की नाही ते ठरणार आहे. त्यावर त्यानं वायर स्वतःच उलगडून दिली.

आता कापण्याविषयी. मशीनच्या बुडाच्या मापाचा तू कापून पाठवलेला कागद मी इस्त्री करून घेतला. (गार इस्त्री.) जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून वरच्या बाजूला ढलप्या निघतात, तेव्हा फळीची चांगली बाजू खाली ठेवायची. पण मग कागदही उलटा ठेवायला हवा, नाहीतर हातचाकाची खाच डावीकडे यायची. हे माझं मला सुचलं, आणि मी इतका खूश झालो की त्या आनंदात फळी पुन्हा सुलटी करून ठेवली. बायकोनं ती उलटी केली. वायर पात्याखाली येऊ नये म्हणून तिनं ती खांद्यावर घेतली आणि कासरा धरावा तशी माझ्यामागे उभी राहिली. पहिला कोपरा आला तेव्हा म्हणाली, ‘वळ, माझ्या राजा, वळ.’ हसू आल्यानं तिथे रेघ जराशी हलली आहे. ती बाजू मी भिंतीकडे केली आहे.

बाकी भोक कागदाशी ताडून पाहिलं तर केसाचा फरक नाही. टेबल जोडलं. बायकोनं मशीन वरून अलगद ठेवलं, आणि कडेवर कसं टेकतंय ते पाहायला मी टेबलाखाली मांडी घालून बसलो. ते टेकलं नाही. सरळ आलं. तुझं मशीन मांडीवर घेऊन मी बराच वेळ तसाच बसलो होतो, कारण उठता येत नव्हतं. तोवर बायकोनं तुझा कागद मशीनला लावून पाहिला, आणि पोट धरून हसत तीही खालीच बसली. ‘अरे, आत्यांनी मशीनला झबलं बेतलंय! चारी बाजूंनी शिलाईला माया सोडलीय!’

आत्या, तुला दोष नाही. जन्मभर ज्या हातांनी कापड बेतलं, ते हात कागदावर कात्री ठेवतानाही बोटभर जास्तीच कापणार. पण लोखंड धुतल्यावर आटत नाही, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं, आणि मोजपट्टी लावून बघायचं माझ्या. वायर मोजली, भोक मोजलं. तुझा कागद तेवढा मोजला नाही. तुझं माप चुकेल हे डोक्यातच आलं नाही.

तेव्हा खरं लिहायचं तर मशीन बसलेलं नाही. पण घाईनं काही ठरवू नकोस, एवढंच मागणं. घरी सर्वांना, म्हणजे तुलाच, नमस्कार.

तुझाच,
भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. भोकातून निघालेला तुकडा होताच. त्याचाच मधला भाग जिगसॉनं कापून काढला आणि उरलेली चौकट पुन्हा भोकात बसवली. पात्याच्या जाडीएवढी फट राहिली, ती गोंदानं भरली. मशीन कडेवर झकास टेकलं. एक रुमाल शिवून पाहिला. टीप वाकडी आली, पण ती माझी, मशीनची नव्हे.

ता. क. दुसरा. एक गोष्ट कळवायची राहिली. गोंद भरताना मशीन आतच होतं, आणि तो मशीनच्या कडेलाही लागला. आता वाळलाय. मशीन उचललं की टेबलही उचललं जातं. टेबल खोलीतच जोडल्यामुळे ते दारातून जात नाही. तेव्हा परत पाठवणं आता जमण्यासारखं नाही. तेल घालायला खालून वाट आहे, मी झोपून पाहिलंय. हे सगळं चुकून झालं.

आत्या, मी सूनबाई. चुकून वगैरे काही नाही. गोंदाची बाटली मी धरली होती आणि वाळेपर्यंत हा मशीनवर हात ठेवून बसला होता. टेम्पोवाल्याला पुढची सीट रिकामी ठेवायला सांगितलीय. या.