बाकावर पडून असतो

प्रिय एल्ले,

आजीला फोन करायचा विसरतेस, पण जाताना माझे लोकरी मोजे न्यायचे बरी विसरत नाहीस! असो. हे पत्र लीव लिहून घेते आहे, आजोबांना रोज अंघोळ घालायला येते ती. माझी शाळा लढाईत जळली आणि पुढे मासे वाळवण्यात अक्षरं राहूनच गेली, ते तुला ठाऊक आहे. सांगेन तसंच लिही, गोड करू नकोस, असं तिला बजावलं आहे.

आजोबा बरे आहेत. धरून धरून दारापर्यंत जातात. उजव्या हातात चमचा ठरत नाही. डाव्याने खातात आणि दाढीलाच जास्त भरवतात.

त्या मंगळवारचं तुला अर्धंच माहीत आहे. सकाळी जाळं दुरुस्त करता करता त्यांनी डोकं धरलं, उलटी झाली, उभं राहता येईना. इथल्या छोट्या रुग्णालयात डोक्याचा फोटो काढला, आत रक्तस्राव. इथे डोकं उघडत नाहीत. फोटो शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला पाठवायचा, आणि तिकडे न्यायचं की इथेच ठेवायचं ते तिकडचे ठरवणार. त्यांनी आधी विचारलं, माणूस कालपर्यंत स्वतःचं काय काय करत होता? हालवोर नावाच्या तरुण डॉक्टरने तेच मला विचारलं.

मी म्हटलं, "हा? हा काय करणार कप्पाळ! बाकावर पडून असतो. जेवायलासुद्धा हलवून उठवावं लागतं."

साठ वर्षं मी हेच सांगत आले. परक्यासमोर नवऱ्याचं कौतुक करणारी बाई आपल्या किनाऱ्यावर अजून जन्मायची आहे. इथला कोणीही हसून म्हणाला असता, "बरं, आता खरं सांग." हालवोर दक्षिणेकडचा, येऊन तीन आठवडे झालेले. तो हसला नाही. त्याने लिहून घेतलं. तिकडून उत्तर आलं, आधीच अंथरुणाला खिळलेला म्हातारा, हलवू नका, तिथेच आरामात ठेवा. मला वाटलं, शहाण्या माणसांनी फोटो बघून ठरवलं.

दुपारी नर्सने त्यांचे हात पुसले. तळव्यांवर ताजं डांबर, दोरीचे चरे. ती आपल्याच खाडीवरची. "बेरेत, बाकावर पडून असे हात होतात होय गं?" एवढंच म्हणाली. मग पुन्हा फोन, मग हेलिकॉप्टर. मधे पाच तास गेले. लवकर नेलं असतं तर हात वाचला असता का, हे मी तिकडे दोनदा विचारलं. सांगता येत नाही, असं दोन्ही वेळा म्हणाले.

आता पत्राचं कारण. तू हालवोरविरुद्ध तक्रार केलीस, सोमवारी चौकशी आहे. त्याने चुकीची माहिती कळवली, असं तू लिहिलंस. ती माहिती माझी होती. "मी पडताळून बघायला हवं होतं," एवढंच तो म्हणतो आणि माझं नाव घेत नाही. नर्सने काल सांगितलं. सोमवारी माझे शब्द जसेच्या तसे सांग. कोणी हसलं तर हसू दे. आणि त्याला काहीतरी खायला पाठव. वाळवलेला मासा नको, दक्षिणेकडच्यांचे दात पडतात. बकरीच्या दुधाचं तपकिरी चीज पाठव, मोठा तुकडा, आणि वर माझं नाव घाल.

तुझीच,
बेरेत आजी