वांग्याचा काही दोष नव्हता

वहिनी, जयभीम.

ड्यूटी बदलून मिळाली न्हाई, म्हणून पहाटंच मुदखेडला निघालो. मायच्या पायातलं गळू कापायला आज तुम्हालाच तिला नांदेडला न्यावं लागंल.

फायलीत सगळ्यात वर मी इंग्रजीत लिहिलेला कागद हाय. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मराठी येत न्हाई, कागद त्यांच्या हातातच द्या. पेनिसिलिनच्या इंजेक्शननं मायचं तोंड सुजतं आन् श्वास कोंडतो, ती ॲलर्जी लाल पेनानं लिहिलीय. दुखण्याच्या गोळीनं पोटात नुसती जळजळ होते, ते खाली निळ्यानं. दोन्ही सारखं न्हाई. लाल ओळ वाचल्याबिगर सुई टोचू देऊ नका, लाजू नका, भांडा. माय 'मला काई होत न्हाई' म्हणंल, तिचं ऐकू नका.

आन् एक. लोह्याच्या दवाखान्यात मायला एकदा असंच झालतं, ते पेनिसिलिननं झालं हे फक्त मला ठाऊक होतं. मागच्या महिन्यात या बाईंनी इंग्रजीत विचारलं, कुठलं औषध सोसत न्हाई का म्हणून. मला समजलं होतं वहिनी. पण 'येस' म्हटलं की पुढचं समदं इंग्रजीत सांगावं लागलं असतं, म्हणून 'नो' म्हणून मोकळा झालो. बाईंनी तेच इंजेक्शन दिलं. घरी जेवल्यावर माय सुजली, तवा सगळ्यांनी तुमच्या वांग्याच्या भाजीवर ढकललं. मी गप बसलो. तवापासून तुम्ही वांगं आणलं न्हाई.

येताना वांगी आणतो. जेवताना सगळ्यांसमोर मीच सांगतो. आधी माय नीट घरी येऊ द्या.

आनंदराज