मामांच्या बीची जाळी

१२ जून १९५४, तीर्थपुरी
सौ. माहेरी जाऊन वर्ष होत आलं. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, दिसत नाही. ती एकुलती एक. इकडं आणलं तर दोघांनाही आणावं लागेल. म्हातारा ऐकत नाही. "लेकीला लेकरू होईस्तोर तिच्या घरचा घास चालत न्हाई, जावईबापू." ती तिकडं, मी इकडं, लेकरू कुठून यायचं?

३ जुलै
पश्चिमेचा वारा. मोसंबीची बारकी फळं गळून बांधभर. सौ. म्हणायची, करवंद लावा, वारं अडतंय आन् पाखरांचं पोट भरतंय. तिनं दिलेलं बी वर्षभर मडक्यात राखेत जपलं होतं, ज्वारीचं ठेवतो तसं. आज पेरलं.

१९ ऑगस्ट
एकही उगवलं नाही.

२९ मे १९५५
भोकरदनच्या वर, डोंगरात सौ.च्या माहेरी जाऊन आलो. ऐकून सौ. खूप हसली. "करवंदाचं बी वाळवतेत का कुठं? खाल्लं की ओलंच पेरायचं." मामांनी चाचपून चाचपून पिकलेली काढून दिली. निघताना म्हणाली, "मी मागं बघत बसणार न्हाई." वळून पाहिलं तर बघत होती.

५ जुलै
उगवलं. दोन दोन पानं. घरात सांगायला कोणी नाही.

मार्च १९५७
जाळी गुडघ्याला आली. शेळ्या तोंड लावतात, काटे टोचले की परत. भाकरी अजून गोल येत नाही.

१९ मे १९५९
पहिली करवंदं. बुलबुल माझ्याआधी हजर. हाकलले नाहीत, तिलाही आवडलं नसतं. एक काळं तोंडात टाकलं, चीक ओठाला चिकटला, आणि तिची इतकी आठवण आली की बांधावरच बसून राहिलो.

२२ मे
बाजारात मामांच्या गावचा बैलांचा दलाल भेटला. त्याच्याजवळ मामांना निरोप दिला: जाळी मामांच्याच बीची आहे, आमच्या घरचं थोडंच होतं? या, स्वतःचंच खा. दलाल म्हणाला, "आन् भाकर कुणाची?"

४ जून
उलट निरोप. मामा साफ नाही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलंय, "आंबट हाय का गोड, आधी कळवा."
गोड, असं कळवलं. आहेत आंबटच. जाळीत आता थोडीच उरलीत. आज पहिल्यांदाच बुलबुलांना हाकललं.