बाकी एक

गिरगाव, ११ डिसेंबर १९५५

श्रीकृपेने सासर चांगले मिळाले. दोनच खोल्या, पण वारा भरपूर. हे अबोल आहेत. सासूबाई कडक, पण मायाळू. धाकटे दीर सीताराम भावोजी भारी चेष्टेखोर. म्हणाले, वहिनी मॅट्रिक, आता वाण्याचं काही खरं नाही!

इथली रीत अशी की नव्या सुनेने देवापुढे २७,७२१ तांदूळ मोजायचे. पाठ मोडली. मग घरात माणसे जितकी तितके सारखे वाटे करायचे. आम्हा चौघांचे चार केले, तर एक दाणा उरला. तो देव्हाऱ्यातल्या डबीत जातो. बाकीच्यांचा भात. वाया काही जात नाही, हे मला पटले.

भावोजी म्हणाले, पाच करा, सात करा. पाटीवर करून पाहिले. दोनपासून बारापर्यंत कशानेही भागा, बाकी एकच! किती गोड आकडा. सासूबाई मात्र करवादल्या, पुरे गं, तो खेळ नाही.

१९ जानेवारी १९५६

भावोजी गेले. ठाकुरद्वारला गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात नव्हते हो, दूध आणायला गेले होते. सासूबाई रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, दोघे होते, एक उरला.

३ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज सांगितले. प्लेगात घरातून मढ्यामागून मढे निघत होते. तेव्हा त्यांच्या सासूने कुणा जोशीबुवांकडून हा आकडा काढून घेतला आणि देवाला म्हटले, कितीही वाटे पाड, एक उरू दे. 'एक तरी' म्हणायचे राहिले. मामंजी सहा भाऊ, तेवढे एक उरले. दर पिढीला एकच. देवाला अक्षर कळते, आईचे मन नाही. असे लिहू नये. लिहिले.

२० ऑगस्ट १९५८

मुलगा झाला. रघुवीर. पद्मजा वर्षाची आहे. सासूबाई आता नाहीत तेच बरे. पाळण्यात वाकून त्यांनी मोजले असते, दोन.

१२ एप्रिल १९६०

रघूला घटसर्प. डॉक्टरांनी आशा सोडली. दोघांतले कोण उरायचे ते वर ठरलेले दिसते. मी ठरू देणार नाही. पुन्हा पाटी घेतली. तेराने भागून पाच उरतात, सोळाने नऊ, सतराने अकरा — एकोणिसाने निःशेष भाग जातो! तेवढेच तांदूळ पुन्हा मोजून एकोणीस वाटे घातले. दाणाही उरला नाही. डबीत टाकायला काही नाही. त्याचाच भात सगळ्यांना भरवला.

१६ एप्रिल

रघू उठून बसला! भात मागतो. देवा, नवस फिटला.

२४ एप्रिल

पद्मजाचा घसा सुजलाय — तिला कसा —

२७ एप्रिल

पद्मजा गेली. रघूला पुन्हा ताप —

२८ एप्रिल

रघू —

१ मे

खाली ढोल, गुलाल. महाराष्ट्र मिळाला म्हणतात. हे पहाटे गेले. शेजारचे पेढे घेऊन आले, दारातूनच मागे फिरले.

निःशेष. शाळेत भागाकारापुरता शिकले तो शब्द. निःशेष म्हणजे — देवाने या वेळीही अक्षरच —

मी तर बाहेरून आलेली. पण त्या पहिल्या चार वाट्यांत माझाही एक — पाणी गिळवत नाही, घसा —