शेजारची सीट

प्रिय सोन्या,

पत्र बघून दचकू नकोस. मी तुझ्याशी फोनवर बोलायला लागले की तुझे बाबा तोंडासमोर पेपर धरून शेजारीच बसतात आणि एकही पान उलटत नाहीत. हे तुला इतक्या लांबून कसं दिसणार? आज सोमवार, एका मुलीची लायसन्सची परीक्षा आहे, तिला घेऊन ते गेलेत. ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. आत्ता फोन करता आला असता, पण हे सगळं मला बोलून धड सांगता यायचं नाही. ते परत यायच्या आत लिहून कुरिअरवाल्याकडे द्यायचंय, म्हणजे उद्या तुला मिळेल, म्हणून अक्षराला हसू नकोस.

आधी बातमी देते. आम्ही दोघं शनिवार-रविवार शहरात जाऊन लग्नाचा वाढदिवस साजरा करून आलो. त्याला अजून दोन महिने आहेत हे तुझ्या लक्षात असेल तर शाबास. बाबांनीच घाई केली. नेली कुठली गाडी, तर आपली शिकवणीचीच, छपरावर 'शिकाऊ' अशी लाल पाटी असलेली. हॉटेलच्या दारातल्या चकचकीत गाड्यांमध्ये ती घुसली तेव्हा दरवान बिचारा दोन पावलं मागेच सरकला. मी सवयीने मागच्या सीटवरून उतरले. जन्मभर पुढे कुणी ना कुणी शिकणारं बसलेलं असायचं, त्यामुळे माझी जागा कायम मागेच. दरवानाला वाटलं मी मालकीणबाई. त्याने मला सलाम ठोकला आणि बाबांना ड्रायव्हर लोकांची खोली दाखवली. बाबा दोन दिवस तेवढ्यावरच हसत होते.

खोली सहाव्या मजल्यावर, खिडकीखाली मोठा चौक. दुसरा कुणी बायकोला घेऊन फिरायला गेला असता. यांनी खुर्ची ओढली आणि सुरू झाले. "हा बघ, इंडिकेटर डावीकडचा आणि वळला उजवीकडे. कुणी शिकवलं गं याला?" घसा तुला माहीतच आहे, हिवाळ्यापासून बसलेला. आता तर भांडं घासल्यासारखा आवाज येतो. तरी जेवताना वेटरला आमचं लग्न कसं जमलं ते अथपासून इतिपर्यंत सांगितलं. मी म्हटलं, जरा आवाज जपा, डॉक्टरांनी सांगितलंय. तर म्हणाले, "जपून ठेवू कुणासाठी?" वेटर हसला. मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

तुम्ही दोघं चार वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत. तू मला विचारतोस, बाबा बरे आहेत ना. ते शेजारून म्हणतात, सांग त्याला, बरा आहे. मग मी तुला सांगते. ऐकू तर दोघांनाही येत असतं, तरी निरोप माझ्यामार्फत. ड्रायव्हिंग स्कूल तू चालवावंस एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी तुला ऐतखाऊ म्हटलं आणि तू म्हणालास, दुसऱ्याच्या शेजारी बसून जन्मभर ओरडत राहणं याला मी काम म्हणत नाही. मी कुणाची बाजू घेत नाही. दोघंही एकाच मुशीतले, मला कुणालाच काही बोलायची सोय नाही.

रविवारी सकाळी त्यांनी मला उठवून खाली नेलं. ऑफिसांचा रस्ता, सगळं बंद, चिटपाखरू नाही. त्यांनी मला स्टिअरिंगसमोर बसवलं आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसले. इतकी वर्षं मी या गोष्टीला हात जोडले होते, अख्ख्या गावाला शिकवा पण मला नको म्हणून. म्हणाले, "शिकून घे. नंतर मला सांगता यायचं नाही." यासाठीच शहर, यासाठीच वाढदिवसाची घाई, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. गाडी किती वेळा बंद पडली ते विचारू नकोस. पण ते ओरडले नाहीत रे. इतक्या हळू आवाजात सांगत होते की माझ्याने ऐकवेना. त्यांच्या बाजूलाही ब्रेक असतो ना, त्यावरून त्यांनी दोन्ही पाय काढून घेतले होते. मला रडूच फुटलं. म्हटलं, ओरडा ना हो, तुम्ही ओरडल्याशिवाय मला कसं येणार? तेव्हा कुठे त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावून आरोळी ठोकली, "अगं, क्लच!" पलीकडच्या इमारतीचा वॉचमन बाहेर येऊन बघायला लागला. आम्ही हसत सुटलो. त्या आरोळीने त्यांचा घसा पारच बसला, मग नुसते माझा हात धरून बसले. येताना गावाच्या वेशीपासून घरापर्यंत गाडी मी चालवली. गुडघ्यावर एकदा थाप म्हणजे ब्रेक, दोनदा म्हणजे क्लच, असं आम्ही ठरवलंय.

बाबांच्या घशात साधी गाठ आहे, असं मी तुला सांगितलं होतं. साधी नाही. गुरुवारी ऑपरेशन आहे, स्वरयंत्र पूर्ण काढणार आहेत. जिवाला धोका कमी आहे म्हणतात, पण आवाज राहणार नाही. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी मला. म्हणे, कीव म्हणून केलेला फोन नको. मी शपथ मोडतेय. शहरातून आल्यापासून फोन शर्टाच्या खिशात घालून बसतात, आणि कुणाचाही आला तरी पहिली रिंग पुरी वाजू देत नाहीत. तर बुधवारपर्यंत फोन कर. माझ्या नंबरवर नाही, त्यांच्या. माफीबिफी मागू नकोस, ऑपरेशनचं काढू नकोस. तुझी गाडी चढावर मागे का सरकते, ते विचार. मग ते तुला यथेच्छ ओरडतील, ते शेवटपर्यंत ऐकून घे. गुरुवारनंतर तुमच्या दोघांच्या मध्ये मी आहेच, त्यांचं सगळं बोलणं मीच तुला सांगणार आहे. या दोन दिवसांत मात्र मला मध्ये घेऊ नकोस, बाळा.

मागच्या सीटवरून पुढे आलेली,
तुझीच,
आई