शेजारची खाट

ती. बाबा,

नमस्कार करते आणि लगेच भांडते.

तुम्ही लिहिलंत, "हा मेनिंगोकोकल मेंदूज्वर लाखात एखाद्याला होतो, लस कशाला?" खरंय. पण ती एखादी होस्टेलात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची. सकाळी ताप आला, मान आखडली. संध्याकाळी तिने मला ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आम्ही आठजणी एकाच बाटलीने पाणी प्यायचो. वाटून घ्यावं, हे तुम्हीच शिकवलंत ना? हा आजार उष्ट्यातूनही पसरतो, म्हणून डॉक्टरांनी उरलेल्या सातजणींना गोळ्या दिल्या. लस मात्र मी तुम्हाला न विचारता घेतली. दंड जरा दुखला, बाकी ठणठणीत आहे.

आईचे गुडघे कसे आहेत?

धाकटीला इथे शिकायला पाठवाल, तेव्हा लस देऊनच पाठवा. नाहीतर फाटकातूनच परत पाठवीन. ती खाट अजून रिकामी आहे.

तुमच्याइतकीच हट्टी,
थोरली